मुल्हेरी मूठ : परक्या पात्याला मराठी करणारी कला

१.
१८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईत एक तलवार परत आली. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची ही तलवार लंडनमध्ये सदबीज या लिलावगृहात विक्रीस निघाली होती. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ४७ लाख १५ हजार रुपयांना ती मिळवली. स्वागत झाले, प्रदर्शन भरले, वृत्तपत्रांचे रकाने भरले. तलवार कोणाची, यावर पुष्कळ लिहिले गेले. तिची मूठ कुठली, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. ही लेखमाला त्या मुठीविषयी आहे.

२.
प्रथम तलवारीचे वर्णन. पाते सरळ, एकधारी आणि युरोपीय बनावटीचे. मुठीलगतच्या भागाला मराठीत ‘खजाना’ म्हणतात; त्याच्याजवळ पाते घडवणाऱ्याचे नाव आहे. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत लेख आहे : ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग’. मूठ लोखंडी, तिच्यावर सोन्याचे नक्षीकाम, आतल्या बाजूस हिरव्या कापडाचे अस्तर. आणि या मुठीचा घाट ओळखला जातो तो ‘मुल्हेरी’ या नावाने.

३.
एका शस्त्रावर अशा तीन ओळखी एकत्र आल्या आहेत. पाते करणाऱ्याने आपले नाव उमटवले. ज्याच्या कमरेला ती होती, त्याचे नाव सोन्याने लिहिले गेले. मूठ घडवून तिच्यावर सोने बसवणाऱ्याचे नाव मात्र कुठेही नाही. त्याच्या वाट्याला आले ते केवळ एका गावाचे नाव. अनामिक कारागिराच्या पाऊलखुणा शोधायच्या असतील, तर या एका विशेषणाचा माग काढावा लागतो.

४.
मुल्हेर आज नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यात, सटाण्याच्या वायव्येस, किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले गाव आहे. नंदुरबार जिल्ह्यातील विसरवाडीपासून ते सरळ रेषेत पन्नासएक किलोमीटरवर. मध्ये सह्याद्रीच्या उत्तर टोकाचे डोंगर. विसरवाडी सुरत–धुळे–नागपूर महामार्गावर आहे. या रस्त्याच्या एका टोकाला सुरतेचे बंदर, पूर्वेला नागपूरकर भोसल्यांची राजधानी आणि डोंगरापलीकडे मुल्हेर. रघुजींच्या तलवारीची गोष्ट समजून घ्यायला नकाशावरचा हा त्रिकोण पुरेसा आहे.

५.
आधी पात्याकडे पाहू. ‘फिरंग’ किंवा ‘फिरंगी’ म्हणजे फिरंग्यांच्या देशातून आलेले सरळ पाते, आणि त्यावरून त्या पात्याची तलवार. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज आणि पुढे इतर युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर अशी पाती पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत येऊ लागली. जर्मनीतील झोलिंगेन आणि इटलीतील जिनोव्हा ही शहरे पात्यांसाठी प्रसिद्ध होती. झोलिंगेनच्या पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण असे. अशा खुणांना बाजारात इतका मान होता की हिंदुस्थानी लोहारही त्या आपल्या पात्यांवर उठवू लागले.

६.
या पात्यांना मागणी का होती? येथे उत्तम पोलाद होत नव्हते म्हणून नव्हे. दख्खनचे पोलाद तर इराण आणि अरबस्तानापर्यंत जात असे. प्रश्न गुणधर्माचा होता. मुशीत वितळवून केलेल्या पोलादाचे पाते अतिशय कडक आणि धारदार असले, तरी वर्मी आघात बसल्यास मोडण्याचा धोका अधिक. युरोपीय पाते लांब आणि लवचीक. वाकून पुन्हा सरळ होणारे. घोड्यावरून दूरच्या शत्रूवर वार करायला ही लांबी आणि ही लवचीकता उपयोगी पडे.

७.
पण पाते बंदरात उतरले म्हणजे तलवार झाली असे नव्हे. युरोपीय मूठ युरोपीय हातासाठी आणि तिथल्या तलवारबाजीसाठी घडलेली. तिथे मनगट मोकळे ठेवून टोचण्यावर पुष्कळ भर. येथे पकड घट्ट, मनगट आवळलेले, आणि वार खांद्यापासून ओढून घेतलेला. म्हणून येथील कारागीर परक्या पात्यावर आपली मूठ चढवीत. फिरंग ही दोन भूभागांतील कारागिरांनी, एकमेकांना कधीही न पाहता, मिळून केलेली वस्तू आहे.

८.
मराठी फिरंगेची मूठ कशी असते? हाताच्या पकडीवरून वळत गेलेली रुंद पट्टी बोटांचे रक्षण करते. तिच्या आत कापड किंवा मखमल लावलेली गादी असते, म्हणजे आघाताचा हिसका बोटांच्या सांध्यांना बसत नाही. वरच्या टोकाला चकती आणि तिच्यातून बाहेर आलेला दांडा. दोन्ही हातांनी वार करायचा झाल्यास दुसरा हात या दांड्यावर जातो. तलवार म्यानात असताना त्यावर हात विसावतो. रघुजींच्या मुठीतील हिरवे कापड केवळ शोभेचे नाही, ते अशा अस्तराचे आहे.

९.
पाते मुठीत बसवण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. पात्याचे अरुंद शेपूट पोकळ मुठीत घालून ती पोकळी गरम लाखेने किंवा राळेने भरतात. लाख थंड झाली की पाते पक्के बसते. लांब फिरंगेला एवढ्याने भागत नाही. म्हणून मुठीपासून पात्यावर उतरणाऱ्या लोखंडी जिभा दोन्ही बाजूंनी पाते धरून ठेवतात आणि त्या बऱ्याचदा रिव्हेट मारून घट्ट केलेल्या असतात. मूठ तापवली की लाख सुटते आणि पाते मोकळे होते. मोडलेल्या पात्याच्या जागी नवे बसवता येते, तसेच जुन्या पात्यावर नवी मूठही चढवता येते.

१०.
जपानी तलवारीशी तुलना केली की हा फरक अधिक उघड होतो. तिथे लाकडी मुठीवर शार्कच्या जातकुळीतील पाकट माशाचे खरबरीत कातडे आणि त्यावर रेशमी दोऱ्याची वीण असते. समारंभी तलवारींच्या मुठींवर कधी दोऱ्याऐवजी धातूचा पत्रा मढवलेला दिसतो. पाते लाखेने नव्हे, तर बांबूच्या एका छोट्या खुंटीने अडकवलेले. खुंटी काढली की मूठ निघते आणि पात्याच्या झाकलेल्या शेपटावर, सही केली असल्यास, कारागिराचे नाव दिसते. म्हणजे जपानमध्ये मूठ पाते घडवणाऱ्याचे नाव पोटात सांभाळते. आणि त्या नावामुळे शेकडो कारागिरांच्या पिढ्या अभ्यासकांना लावता आल्या.

११.
आपल्याकडे नाव उघड्यावर, पाठीवर आणि सोन्यात आहे. पण ते मालकाचे. मूठ करणाऱ्याचे नाव मुठीच्या आतही नसते, बाहेरही नसते. म्हणून येथे अभ्यासकाच्या हाती उरतात त्या दोनच गोष्टी : घाट आणि काम. घाटावरून प्रदेश कळतो, कामावरून कारागिराची पद्धत.

१२.
मुठींच्या घाटांना प्रदेशांची आणि राजधान्यांची नावे पडली आहेत. दिल्लीशाही, उदयपुरी ही त्यांतली प्रसिद्ध नावे. एक विरोधाभास येथे लक्षात घ्यावा. पात्यांची ओळख सातासमुद्रापलीकडची, तर मुठींची ओळख इथल्या शहरांची आणि गावांची. या नावांच्या पंक्तीत दिल्ली आणि उदयपूर यांच्या शेजारी मुल्हेरचे नाव येते. बागलाणातील एका डोंगरपायथ्याच्या गावाला हे स्थान सहज मिळालेले नाही.

१३.
मुल्हेरचे जुने नाव मयूरगिरी. येथे बागुल राजांची राजधानी होती. रुद्रकवीने याच दरबारात, १५९६ मध्ये, ‘राष्ट्रौढवंशमहाकाव्य’ हे संस्कृत काव्य रचले. त्यात या घराण्याचा इतिहास आहे. अकबराच्या काळच्या ‘आईन-ए-अकबरी’त बागलाणच्या किल्ल्यांपैकी मुल्हेर आणि सालेर हे विशेष बळकट म्हणून सांगितले आहेत. किनारा आणि दख्खन यांच्यामधल्या घाटवाटांवर या राज्याची नजर होती. वाटेवर नजर असणाऱ्याच्या तिजोरीत जकात येते आणि बाजारात परदेशी मालही.

१४.
१६१० मध्ये विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याकडे निघाला. त्याने वाटेत बागलाणच्या प्रतापशहाची, त्याच्या सालेर–मुल्हेर या किल्ल्यांची आणि तेथे पाडल्या जाणाऱ्या महमुदी नाण्यांची नोंद केली. पुढे ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने याच मार्गावरील नवापूरचे वर्णन केले. तिथल्या विणकरांविषयी आणि कस्तुरीसारखा वास येणाऱ्या तांदळाविषयी त्याने लिहिले आहे. विसरवाडी आज याच नवापूरच्या तालुक्यात येते. जुनी वाट नवापूरहून नंदुरबारकडे वळे. आजचा महामार्ग विसरवाडीवरून धुळ्याकडे जातो.

१५.
महमुदीची नोंद मुठीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. टाकसाळ म्हणजे केवळ चांदीचा साठा नव्हे. तिथे धातू पारखणारे लागतात, पोलादी ठशांवर बारीक अक्षरे उलटी कोरणारे लागतात, भट्टीचे तापमान रंगावरून ओळखणारे लागतात. लोखंडावर सोन्याची वेल उठवणाऱ्यालाही हीच कौशल्ये हवीत. राजधानी, किल्ला, टाकसाळ आणि व्यापारी वाट ही चारही एका ठिकाणी असलेल्या गावाच्या नावाने मुठीचा घाट ओळखला जावा, यात नवल नाही.

१६.
आता प्रत्यक्ष काम. मुठीवर सोने दिसले की आपण सरसकट ‘सोन्याचे पाणी’ म्हणतो. ते बरोबर नाही. लोखंडावर मौल्यवान धातू चढवण्याच्या चार निरनिराळ्या रीती आहेत. पहिली, पत्रा मढवणे : चांदीचा पातळ पत्रा ठोकून मुठीच्या आकारावर बसवायचा. दुसरी, मुलामा : सोने पाऱ्यात विरघळवून त्याचा लेप द्यायचा आणि तापवून पारा उडवायचा. पाऱ्याची वाफ विषारी असल्याने हे काम करणाऱ्यांच्या जिवाला धोका असे. आज मराठीत वरवरच्या चकाकीला ‘मुलामा’ म्हणतात, तो शब्द या कामातलाच.

१७.
तिसरी रीत कोफ्तगिरी. फारसीत ‘कोफ्तन’ म्हणजे ठोकणे, कुटणे. कारागीर लोखंडाच्या पृष्ठावर धारदार हत्याराने आडव्या-उभ्या अतिशय बारीक रेघा पाडतो. पृष्ठ कानशीसारखे खरबरीत होते. मग सोन्याची केसासारखी तार नक्षीच्या रेषेवर ठेवून हलक्या हातोडीने ठोकत जातो. मऊ सोने त्या रेघांमध्ये शिरून घट्ट धरते. शेवटी मूठ तापवून लोखंडाला निळसर काळा रंग आणतात आणि अकीकाच्या गुळगुळीत खड्याने सोने घासून उजळतात. काळ्या भूमीवर सोनेरी वेल उठते ती अशी.

१८.
चौथी रीत तहनिशान. यात नक्षीची रेषा छिन्नीने खोल कोरून काढतात आणि त्या चरात सोन्याची जाड तार ठोकून बसवतात. सोने अधिक लागते, वेळ अधिक लागतो आणि काम कितीतरी अधिक टिकते. कोफ्तगिरीचे सोने जिथे हाताची पकड रोज पडते तिथे झिजते. तहनिशानचे शतकानुशतके जागेवर राहते. म्हणूनच एकाच मुठीवर कारागीर जागा पाहून रीत निवडू शकतो.

१९.
संग्रहालयात काचेपलीकडून हे ओळखता येते. मूठ जिथे झिजली आहे, तिथे पाहावे. उघड्या पडलेल्या लोखंडावर जाळीसारख्या बारीक रेघा दिसल्या, तर कोफ्तगिरी. सोने निघून गेल्यावर रिकामा चर उरला असेल, तर तहनिशान. कड उचकटलेली किंवा सांध्याची रेघ दिसत असेल, तर पत्रा. रेघही नाही, चरही नाही, केवळ सोने पुसट होत गेले असेल, तर मुलामा. झीज हा दोष नसून पुरावा आहे. मूठ खरोखर हाताळली गेल्याची साक्ष ती देते.

२०.
एका तलवारीमागे असे अनेक हात उभे असत. मूठ घडवणारा लोहार, सोने बसवणारा कोफ्तगार, लाकडी म्यानावर कातडे किंवा मखमल मढवणारा जिनगर, धार आणि चकाकी राखणारा शिकलगार. यांपैकी जिनगर आणि शिकलगार ही नावे आजही महाराष्ट्रात जातींची आणि आडनावांची म्हणून टिकून आहेत. त्यांच्यामागचा व्यवसाय मात्र बहुतेकांच्या आठवणीतून गेला आहे.

२१.
आता पुन्हा रघुजींकडे. ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब सातारच्या छत्रपती शाहू महाराजांनी भोसले घराण्याला दिला होता. रघुजींनी १७४१ मध्ये त्रिचनापल्लीच्या मोहिमेत चंदासाहेबाला कैद केले. त्यांच्या फौजा बंगालमध्ये घुसल्या. १७४४ मध्ये त्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांची अलीवर्दीखानाने दग्याने हत्या केली, तरी मोहिमा थांबल्या नाहीत. १७५१ च्या तहाने ओडिशा नागपूरकरांकडे आला आणि बंगालच्या चौथाईपोटी वर्षाला १२ लाख रुपये ठरले. १७५५ मध्ये रघुजींचा मृत्यू झाला.

२२.
अठराव्या शतकातील मराठा सरदारांची शस्त्रे बहुधा साधी, नक्षी आणि लेख यांवाचून असतात. म्हणून सोन्याची मूठ आणि सोन्याचा लेख असलेली ही तलवार अपवाद ठरते. लेखातील अखेरचा शब्द पाहावा : ‘फिरंग’. पाते परके आहे, हे मालकाने लपवले नाही, उलट सोन्याने लिहून ठेवले. त्या काळाला परक्या वस्तूचे वावडे नव्हते. ती कोणाच्या मुठीत बसते, एवढेच पाहिले जाई. येथे तो शब्दप्रयोग अक्षरशः खरा आहे : युरोपीय पाते मुल्हेरी मुठीत बसले आणि मराठ्यांचे झाले.

२३.
शस्त्रांचा ऱ्हास राज्यांबरोबर झाला. १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरचा खजिना लुटला गेला. १८५४ मध्ये दत्तक नामंजूर करून राज्य खालसा झाले. मुल्हेरचा किल्ला १८१८ मध्येच इंग्रजांच्या हाती गेला होता. तंजावरच्या भोसल्यांचे शस्त्रागार १८६३ मध्ये मोडीत निघाले. निवडक शस्त्रे मद्रासच्या संग्रहालयात गेली. उरलेल्यांपैकी कित्येक जुन्या लोखंडाच्या भावाने विकली गेली. तंजावरच्या काही कट्यारी आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. त्यांच्या कोरीव मुठींत युरोपीय पाती बसवलेलीही आढळतात.

२४.
१८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्यार बाळगण्यावर बंधने आली आणि मूठ करणाऱ्याचे गिऱ्हाईक संपत गेले. पंजाबात सियालकोट आणि गुजरात या गावचे कोफ्तगार साहेबलोकांसाठी पेट्या, तबके आणि दौती करू लागले, म्हणून त्यांची कला त्या शतकात तगली. उदयपूर आणि जयपूर येथे कोफ्तगिरीचे काम आजही चालते. मुल्हेरला असे नवे गिऱ्हाईक मिळाले नाही. तिथली कला मुठींवर राहिली आणि गावाचे नाव शस्त्रसंग्राहकांच्या बोलण्यात.

२५.
बाजाराने या विस्मरणात भर घातली. लाख तापवली की मूठ निघते, या सोयीचा फायदा विक्रेते घेतात. चांगले पाते एका तलवारीचे, चांगली मूठ दुसरीची, असे जुळवून महागात विकले जाते. जिभा पात्यावर नीट न बसणे, रिव्हेटची छिद्रे न जुळणे, जुन्या मुठीतून ताजी लाख डोकावणे या त्याच्या खुणा. अशा प्रत्येक जुळवाजुळवीत दोन अस्सल वस्तूंचा इतिहास एकाच वेळी पुसला जातो. रघुजींच्या तलवारीचे मोल म्हणूनच मोठे आहे : तिच्यात पाते, लेख आणि मूठ एकत्र टिकली आहेत.

२६.
शिवछत्रपतींच्या तलवारींविषयी गेली दीडशे वर्षे वाद चालू आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींकडून १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्स याला भेट गेलेली तलवार परत यावी, अशी मागणी पुन्हा पुन्हा होते. ती मागणी रास्तच आहे. पण त्या तलवारीचे पातेही युरोपीय आहे, हे कळल्यावर अनेकांचा हिरमोड होतो. तो होण्याचे कारण नाही. पाते कुठून आले यावरून तलवार परकी ठरत नाही. तिला येथील हातासाठी, येथील युद्धासाठी नव्याने घडवणारे कारागीर येथलेच होते.

२७.
सातारच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात, पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात, नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात जुनी शस्त्रे पाहता येतात. तिथे पाट्यांवर बहुधा पात्याचा प्रकार लिहिलेला असतो : फिरंग, खांडा, धोप, समशेर. मुठीचा घाट आणि तिच्यावरील कामाची रीत क्वचितच. प्रत्येक पाटीवर एवढे दोन शब्द वाढवले, ‘मूठ मुल्हेरी’, ‘काम कोफ्तगिरी’, तर ज्यांनी आपले नाव कुठेही लिहिले नाही त्यांच्या गावाचे नाव तरी तिथे लागेल. विसरवाडीहून डोंगरापलीकडे असलेल्या त्या गावातील मुलांनाही, मुंबईत परत आलेल्या त्या तलवारीवर आपल्या गावाचा हक्क काय आहे, हे कळेल.